सल्ला हवा: ११ वर्षांच्या भाच्याचा लिम्फोमा मेंदूच्या आवरणात उलटलाय

कृष्णाकाठ

नमस्कार. एरवी मी इथे ऊस आणि ठिबकच्या धाग्यांवर असतो. आज हात थरथरत लिहितोय, काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा ११ वर्षांचा, मिरजेजवळच्या गावात राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याला ताप यायला लागला, मानेला आणि काखेत गाठी आल्या. तिथल्या एका डॉक्टरांनी गाठीचा तुकडा न तपासताच टीबीची औषधं चालू केली. दोन महिने त्यात गेले. गाठी मोठ्या झाल्या, पोरगं वाळलं, तेव्हा कुठे बायोप्सी झाली. निदान निघालं अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा एक कॅन्सर, एएलके पॉझिटिव्ह. केमोची सहा चक्रं झाली आणि सगळं साफ झालं. चार महिन्यांत मानेला पुन्हा गाठ आली. मग एएलकेला रोखणाऱ्या क्रिझोटिनिबच्या कॅप्सूल चालू केल्या. पंधरा दिवसांत गाठ विरघळली, पेट स्कॅन स्वच्छ आला. पोरगं सायकलवरून शाळेत जायला लागलं.

गेल्या महिन्यापासून सकाळी उठलं की डोकं दुखायचं, उलटी व्हायची. आम्हाला वाटलं पित्त असेल. मग एकाचे दोन दिसायला लागले, डावा डोळा आत वळला. एमआरआयमध्ये मेंदूच्या आवरणावर चमक दिसली. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात त्याच पेशी सापडल्या.

आता चार जणांची चार मतं आहेत. एक डॉक्टर म्हणतात स्टेरॉइड द्या आणि घरी ठेवा. एका नातेवाइकांचे ओळखीचे फिजिशियन म्हणतात की ही टीबीची मेंदूज्वराची लक्षणं आहेत, परत एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू करू. दाजींच्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भारतीय कार-टी’ची (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याच्या उपचाराची) बातमी पाठवली आहे. ताई काहीच बोलत नाही, नुसती त्याच्या उशाशी बसून असते.

गाठी गेल्या असताना, गोळी चालू असताना, डोक्यात हे आलं कसं? आता कुठलं औषध चालेल? कुठे न्यावं? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

वॉर्डसिस्टर

दादा, बाकी सगळं नंतर. तो जास्त झोपाळलेला आहे का? हाक मारल्यावर नीट उत्तर देतो का? झटका आला आहे का? यातलं एक जरी असेल तर रात्रीच्या गाडीची वाट बघू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये न्या, डोक्यातला दाब आधी उतरवू द्या, मग तिथूनच अ‍ॅम्ब्युलन्सने हलवा. नसेल तर उद्याच निघा. मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात १४ वर्षं काम केलंय. अशा पोरांना परवाची अपॉइंटमेंट फार लांबची असते.

पाठीतल्या पाण्याचा पूर्ण रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीचा) कागद, एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट नको), पहिल्या बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड हे सगळं बरोबर घ्या. ब्लॉक म्हणजे मेणाचा छोटा ठोकळा. तो पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो, अर्ज दिला की मिळतो.

कृष्णाकाठ

झोपाळलेला नाही सिस्टर, बोलतोय. झटका नाही. ब्लॉक आणायला सकाळी माणूस पाठवतो.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लहान मुलांच्या लिम्फोमाच्या स्लाइड रोज बघते. उपचार ठरवणं बालकर्करोगतज्ज्ञांचं काम, पण ‘हे डोक्यात आलं कसं’ याचं उत्तर मला नीट देता येईल, आणि ते कळलं की पुढचे प्रश्न तुम्हालाच सुचतील.

मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती बाकीच्या शरीरासारख्या नसतात. तिथल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, शिवाय त्यांच्यात आत शिरलेलं नको ते औषध परत रक्तात ढकलणारे पंप असतात. क्रिझोटिनिब नेमकं या पंपाला सापडतं. रक्तात ते भरपूर असतं, गाठीत पोचतं, गाठ विरघळते. मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र त्याचा जेमतेम अंश उतरतो. म्हणजे गोळी नापास झाली असं लगेच समजू नका. शरीरात ती काम करत असेल आणि डोक्यात पोचतच नसेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दर आठवड्याला देतात ते व्हिनब्लास्टिन आणि या पेशींवरच्या सीडी३० नावाच्या खुणेवर बसणारं ब्रेंटुक्सिमॅब, दोन्ही या आजारात उत्तम, पण तीच अडचण त्यांनाही आहे.

भाच्याचा आजार ‘एएलके’ नावाच्या एका बिघडलेल्या जनुकावर चालतो. त्या प्रथिनाचं नावच मुळी या लिम्फोमावरून पडलं, १९९४ साली. पुढे फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये तोच बिघाड सापडला आणि तो कॅन्सर मेंदूत फार पसरतो म्हणून मेंदूत पोचणारी एएलके औषधं मुद्दाम तयार झाली. अलेक्टिनिबला तो पंप बाहेर काढू शकत नाही. लॉरलॅटिनिबची तर रचनाच मेंदूत शिरण्यासाठी केलेली आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या उलटलेल्या या लिम्फोमासाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली ती क्रिझोटिनिबला. जपानने मात्र २०२० मध्येच या आजारासाठी अलेक्टिनिब मान्य केलं. तेव्हा तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा: याला मेंदूत पोचणारं एएलके औषध देता येईल का, आणि कुठलं?

आता त्या एकेटीबद्दल, आणि हे मी फार कळकळीने लिहितेय. पाण्यात लिम्फोमाच्या पेशी सापडल्यावर केवळ लक्षणांवरून टीबीचं औषध सुरू करू देऊ नका. टीबीची शंका असलीच तर त्याच पाण्यावर टीबीची जनुकीय तपासणी होते, ती करून घ्या. कारण एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृताला असं चेतवतं की एएलकेच्या गोळ्या रक्तातून झपाट्याने नाहीशा होतात. लॉरलॅटिनिबबरोबर तर ते सक्त मना आहे. १२ निरोगी स्वयंसेवकांना ही दोन औषधं एकत्र दिली तेव्हा १० जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. झटक्यांसाठीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या जुन्या गोळ्याही एएलके औषधाची पातळी पाडतात. झटक्याचं औषध लागलंच तर लेवेटिरासेटम चालेल का, एवढं विचारा.

एक बारीक गोष्ट. क्रिझोटिनिब चालू असेपर्यंत ग्रेपफ्रूटच्या जातीची फळं नकोत. आपलं पपनसही त्यातलंच.

पवईकर

कार-टीबद्दल. बातमी खरी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण नावातला १९ म्हणजे सीडी१९, बी पेशींवरची खूण. भाच्याचा आजार टी पेशींच्या बाजूचा, त्याच्या पेशींवर ती खूण नसते. शिवाय मान्यता १५ वर्षं आणि पुढच्यांसाठी आहे. दाजींच्या भावाचा हेतू चांगला आहे, पण हे भाच्यासाठी नाही. त्यामागे दिवस घालवू नका.

ओवीची_आई

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि मग परत आले. ‘आम्हाला वाटलं पित्त असेल.’ आम्हालाही हेच वाटलं होतं. मी महिनाभर लेकीला आमसुलाचं सार देत होते.

आमच्या ओवीचा प्रकार वेगळा होता, टी-लिम्फोब्लास्टिक. उपचार चालू असताना सातव्या महिन्यात डोक्यात उलटला, तेव्हा ती ८ वर्षांची. आता १४ची आहे, आठवीत. तुमच्या भाच्याकडे एएलकेची गोळी आहे, आमच्याकडे तशी कुठलीच नव्हती, म्हणून आमचं जसंच्या तसं लागू करू नका. पण दिवस कसे जातात ते सांगते.

आधी पाठीतली इंजेक्शनं. वॉर्डात सगळे ‘आयटी’ म्हणतात. मेथोट्रेक्सेट, सायटाराबिन आणि हायड्रोकॉर्टिसोन, तिन्ही मिळून एकदम. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पहिल्या दोन वेळा तिला नुसतं धरून ठेवलं होतं. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. तिसऱ्या वेळी मी अडून बसले की भूल द्या. दिली, आणि पुढच्या सगळ्या इंजेक्शनांना ती गाणं म्हणत आत गेली. हे मागायला लाजू नका. नंतर सांगतील तितका वेळ तिला आडवं ठेवायचो, उशी काढून, आणि शहाळं स्ट्रॉने.

मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाठीतलं औषध पाण्यात फिरतं, मेंदूच्या आत फार खोल जात नाही, म्हणून शिरेतून मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेटही लागतं. ते चालू असताना मी वहीच घातली होती. लघवी किती झाली, तिचा पीएच किती (७ च्या खाली गेला की सिस्टरला हाक), मेथोट्रेक्सेटचा उतारा असलेलं ल्युकोव्होरिन किती वाजता दिलं, मेथोट्रेक्सेटची पातळी किती आली. ल्युकोव्होरिनची एक वेळही चुकू द्यायची नाही. आणि त्या दिवसांत सेप्ट्रान, ब्रुफेन, पॅन्टोप्राझोल चालू आहे का ते आधी विचारायचं, कारण यांच्यामुळे मेथोट्रेक्सेट शरीरात अडकून राहतं. आमच्या वेळी एका रात्री पॅन्टोप्राझोल लिहिलं गेलं होतं. वहीमुळे माझ्या लक्षात आलं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लगेच थांबवलं.

एक प्रसंग मुद्दाम लिहिते, तुमच्यावर आला तर निदान माहीत असेल. एका आयटीनंतर दहाव्या दिवशी सकाळी तिचा उजवा हात लुळा पडला, बोलणं बंद. मला वाटलं संपलं सगळं. तो मेथोट्रेक्सेटचा परिणाम होता, पक्षाघातासारखाच दिसतो, औषधानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत येतो. तीन दिवसांत हात परत आला. बहुतेक मुलं यातून सावरतात, पण लगेच रुग्णालयात जायचंच.

शेवटी डोक्याला रेडिएशन आणि भावाकडून बोन मॅरो. रेडिएशनची किंमत आम्ही आजही मोजतोय. पाढे राहत नाहीत, गणिताच्या पेपरला वेळ पुरत नाही, उंचीसाठी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं झाली. मी तक्रार करत नाहीये. ती शेजारच्या खोलीत हार्मोनियम बडवतेय आणि मला आवाज कमी कर म्हणून ओरडावं लागतंय.

परळचा_शेजारी

कुठे न्यावं याचं माझं मत स्पष्ट आहे. जिथे मुलांच्या लिम्फोमाची स्वतंत्र टीम, प्रत्यारोपण आणि रेडिएशन तिन्ही एका छताखाली किंवा एकाच संस्थेत आहे, तिथे. तुमच्यासाठी परळचं टाटा मेमोरियल. त्यांचं प्रत्यारोपण खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच दुसऱ्या केंद्रात, होतं. मिरजेहून महालक्ष्मीने या, दादरला उतरा, तिथून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी सकाळी लवकर पोचा, फाईल काढायलाच वेळ जातो. आधारकार्ड, रेशनकार्ड दोन्ही आणा. फाईल निघाली की लगेच समाजसेवकांच्या खिडकीवर जा. ही मंडळी तिथली खरी आधार आहेत. मुलासह आईवडिलांना मोफत राहता येईल अशी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, एक कॉटन ग्रीनला, पण तिथे रुग्णालयाच्या चिठ्ठीनेच प्रवेश. जागा मिळेपर्यंत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन.

रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. महात्मा फुले योजनेचं तिथेच विचारा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. मात्र या महागड्या गोळ्या त्यात बसतील असं धरून चालू नका. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडून खर्चाचं एस्टिमेट लिहून घेऊन मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान निधी आणि ट्रस्ट यांच्याकडे एकाच दिवशी अर्ज टाका. एकाची वाट पाहून दुसरा टाकायचा, असं करू नका.

रानवारा

शेजारच्या देशातून याच गोळ्या निम्म्याहून स्वस्त आणून देणारा माणूस माझ्या माहितीत आहे. नंबर देऊ का?

सूक्ष्मदर्शी

रानवारा, मदत करायची इच्छा समजते, पण नंबर देऊ नका. डबीत काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही आणि या पोराकडे एक महिना चुकीचं औषध खाऊन बघायला वेळ नाही. गोळी बनवणाऱ्या कंपनीची रुग्णसहाय्य योजना असेल तर ती डॉक्टरांच्या सहीनेच मिळते. तो रस्ता आधी.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे उपकार कसे मानू. उद्या रात्रीच्या महालक्ष्मीने निघतोय. एकेटी चालू करू दिली नाही. त्या फिजिशियनना फोन करून सांगितलं तर ते चिडले, चिडू देत.

एक विचारायचं राहिलं. भावकीतली माणसं म्हणतात, एवढं करून पोराचे हाल होणार असतील तर घरी का ठेवत नाही. ताईसमोर बोलतात. मला उत्तर सुचत नाही.

दिवेलागण

मी इथे क्वचित लिहितो. आमचा मुलगा याच वळणावरून गेला आणि राहिला नाही. चार वर्षं झाली. त्याचा प्रकार बर्किट लिम्फोमा होता, तो डोक्यात उलटला की फार वेगाने जातो. आमच्याकडे औषधांचं उत्तर उरलं नव्हतं. तुमच्याकडे अजून आहे, आणि ते वापरून बघणं म्हणजे हाल करणं नव्हे. भावकीला एवढंच सांगा.

पण एक गोष्ट आम्ही उशिरा केली, ती तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा. पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी मागा. नाव ऐकून घाबरू नका. डोकेदुखी, उलट्या, झोप, भीती, बद्धकोष्ठ हे सगळं ते बघतात, मुख्य उपचार जोरात चालू असतानाही. आमच्या मुलाला शेवटचे दोन महिने नीट झोप लागली ती त्यांच्यामुळे. आधी दहा महिने तो तसाच तळमळत होता आणि आम्हाला वाटत होतं की एवढं सोसावंच लागतं.

आणि त्याला सांगा. ११ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. आमचा मुलगा माझा चेहरा बघून सिस्टरांना प्रश्न विचारायचा.

वॉर्डसिस्टर

दिवेलागण दादा, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

कृष्णाकाठ, प्रत्यारोपणाचा विचार होणार असेल तर आतापासून एक पाळा: आईवडील आणि भावंडांनी त्याला रक्त देऊ नये. पुढे तेच दाते ठरू शकतात, आणि आधी त्यांचं रक्त गेलं असेल तर शरीर त्यांच्या मॅरोला नाकारण्याची भीती वाढते. गावाकडून मित्र आणा. रक्त आणि प्लेटलेट ‘इरॅडिएटेड’ (किरण दिलेलं) मिळतंय ना हे प्रत्येक पिशवीच्या वेळी विचारा. आणि व्हिन्क्रिस्टिन किंवा व्हिनब्लास्टिन चालू असेल तर ते आयटीच्या खोलीत कधीही येता कामा नये. ही औषधं फक्त शिरेतून देतात, पाठीत गेली तर जीव जातो. चांगल्या वॉर्डात ती लहान सलाईनच्या पिशवीतूनच देतात. तुम्ही विचारलंत तर कोणी रागावणार नाही, मी तर कौतुकच करायचे.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. नेट मिळतं पण डोकं जागेवर नसतं.

क्रिझोटिनिब बंद केलं, अलेक्टिनिब चालू झालं. जेवणाबरोबर घ्यायचं, उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या. पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री औषध. सोबत आयटी, भूल देऊन. ओवीच्या आई, पहिल्याच दिवशी मागितली, लगेच दिली. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट एकदा झालं. दाजींनी वही घातली आहे, लघवीचे आकडे ते उसाच्या वजनाच्या पावत्यांसारखे लिहून ठेवतात.

चौथ्या आयटीच्या वेळचं पाणी स्वच्छ आलं. उलट्या थांबल्या. डोळा अजून थोडा आत आहे, पण एकाचे दोन दिसत नाहीत.

पुढचं डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. या गोळ्यांनी आजार दबतो, पण गोळी थांबवली की काही मुलांत लगेच परत येतो, म्हणून गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. पाणी आणि एमआरआय दोन्ही स्वच्छ राहिले तर दुसऱ्याच्या मॅरोचं प्रत्यारोपण, त्याआधी थायोटेपा हे केमोचं औषध, कारण ते डोक्यात पोचतं. मेंदूत पोचतं का, हा प्रश्न आता ताईच प्रत्येक औषधाला विचारते. ती बोलायला लागली आहे. धाकट्या बहिणीचं रक्त जुळवायला गेलंय. चारांत एकदा जुळतं म्हणतात. नाही जुळलं तर दाजींचं अर्धं जुळणारं चालेल असं सांगितलंय.

त्याला मी सांगितलं, सगळं. त्याने विचारलं, ‘मामा, ही गोळी भिंतीपलीकडे जाते ना?’ मी हो म्हटलं. मग म्हणाला, ‘जाऊ दे मग,’ आणि मोबाईलवर गेम लावला.

आता काम. मेथोट्रेक्सेटनंतर सायटाराबिन होतंय आणि प्लेटलेट पडायला लागल्यात. गुरुवारी आणि पुढच्या सोमवारी एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटसाठी) बी पॉझिटिव्ह दाते हवेत. दात्याने आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी, हाताच्या शिरा ठळक असाव्यात, दीड-दोन तास मोडतात. परळ, लालबाग, शिवडी, वडाळा भागात कोणी असेल तर मला व्यनि करा, वेळ आणि मजला कळवतो.